सातारा-सांगलीकडची नावं, टोपणनावं आणि म्हणी: मूळ कुठलं आणि मागाहून जोडलेलं कुठलं?

संगममाहुली

आपल्या भागातल्या नावांमागे काय आहे यावर सगळ्यांनी मिळून बोलावं म्हणून हा धागा काढतोय. कुठलंही नाव घ्या, त्याची एक गोष्ट तयारच असते. ती फोनवरून फिरून फिरून आता इतकी पक्की झालीय की पोरं शाळेच्या निबंधात लिहितात. गोष्टी मलाही आवडतात, आजीकडून ऐकल्यात त्या तर फारच. पण गोष्ट आणि मूळ या दोन्हींची खाती वेगळी ठेवता आली पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात कंदी पेढ्यापासून करू. साताऱ्यात कोणालाही विचारा, उत्तर एकच: इंग्रज अधिकाऱ्यांना आपला पेढा आवडला, ते त्याला ‘कँडी’ म्हणायचे, त्याचं कंदी झालं. ऐकायला छान आहे. पण गुलकंदातला कंद काय इंग्रजांनी आणला? कलाकंदातला? कंद म्हणजे साखर. हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला, आणि फारसीतल्या कंदचं मूळ पुन्हा आपल्याच संस्कृत ‘खण्ड’मध्ये. खडीसाखर, खांडसरी ही सगळी त्याच घरातली. तोच शब्द अरबांकडून युरोपात गेला आणि इंग्रजांच्या तोंडी ‘कँडी’ झाला. म्हणजे कंदी आणि कँडी एकमेकांचे चुलतभाऊ आहेत, बाप-लेक नाहीत.

माझी कसोटी साधी आहे. नावाचं जे कारण सांगितलं जातं, त्याच्या आधीपासून तो शब्द इथे होता का? असला, तर कारण मागाहून जोडलेलं. ही कसोटी लावून तुमच्या गावची नावं, म्हणी, ताटातले पदार्थ लिहा.

चिमणपुरा

चांगला धागा. मग साताऱ्याच्या नावालाच कसोटी लावू.

दोन गोष्टी चालतात. एक म्हणजे सात डोंगरांमधलं गाव म्हणून सातारा. अजिंक्यतारा, सज्जनगड, यवतेश्वर, जरंडेश्वर, नाकडीचा डोंगर, किटलीचा डोंगर आणि पेढ्याचा भैरोबा हे सातही आमच्या बालपणी तोंडपाठ असायचे. दुसरी गोष्ट म्हणजे किल्ल्याला तट, बुरूज, दरवाजे मिळून सतरा, म्हणून सातारा. ब्रिटिश काळातल्या गॅझेटिअरात हीच दिलीय.

मला यात एक धागा वेगळा दिसतो. १७००मध्ये औरंगजेबाने किल्ला घेतला आणि मुलाच्या नावावरून त्याला ‘आजमतारा’ म्हटलं. पुढे मराठ्यांनी परत घेतल्यावर झाला ‘अजिंक्यतारा’. दोन्ही वेळा शेवटचा ‘तारा’ जागचा हलला नाही, पुढचा तुकडा तेवढा बदलला. म्हणजे त्या काळीही लोकांच्या कानाला हे नाव ‘सा-तारा’ असंच ऐकू येत होतं, ‘सतरा’ नव्हे. माझा कौल म्हणून सात डोंगरांच्या बाजूला झुकतो, सतरा बुरुजांच्या नाही.

पेठांची नावं मात्र बघा, तिथे गोष्ट रचायला जागाच नाही. सोमवार ते रविवार वारांच्या पेठा. यादोगोपाळ पेठ माणसाच्या नावाची. आणि रामाचा गोट, पंताचा गोट? गोट म्हणजे घोडदळाचा तळ. १७०८मध्ये शाहू महाराजांनी इथे राज्याभिषेक करून घेतला आणि गाव राजधानी झालं. सरदार आले, त्यांच्या पागा आल्या, गोट पडले. घोडी गेली, राहुट्या गेल्या, पण रिक्षावाल्याला आजही ‘पंताच्या गोटात घे’ म्हणून सांगतो. ‘आतल्या गोटातली बातमी’ म्हणतो तो गोटही हाच.

जावळी_खोरे

कंदी पेढ्याबद्दल थोडं. आमच्याकडच्या म्हशींचं दूध हेच त्या पेढ्याचं खरं भांडवल. डोंगरातला चारा, घट्ट दूध. खवा नुसता आटवून थांबत नाहीत, कढईत खमंग भाजतात. रंग बदामी होतो, कडेला दाणेदार लागतो, साखर बेताची. म्हणूनच तो पांढऱ्या मऊ पेढ्यापेक्षा जास्त दिवस टिकतो आणि मुंबईला जाणाऱ्या पिशवीत बसतो.

पण माहुलीकर, माझी एक शंका आहे. कंद म्हणजे साखर हे मान्य. मग ज्या पेढ्यात साखर कमी, त्यालाच साखरेचं नाव कसं?

आणि म्हणीचं विचारलंत तर आमच्या खोऱ्याची एकच, पण तिला तोड नाही: ‘येता जावली, जाता गोवली.’ चंद्रराव मोऱ्यांनी शिवाजी महाराजांना धाडलेल्या उत्तरात हे शब्द होते, असं मोऱ्यांच्या बखरीत आहे. यायचं तर या, जाताना मात्र गुंतून पडाल. गोवणे म्हणजे अडकवणे, काट्यात धोतराचा सोगा गोवतो तसं. महाबळेश्वरकडून मेढ्याच्या बाजूला रानातल्या वाटेने उतरून बघा, म्हणजे ही नुसती फुशारकी नव्हती हे कळेल. दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही असं रान होतं ते. १६५६मध्ये महाराजांनी जावळी घेतली, मोऱ्यांची सत्ता संपली, पण म्हण राहिली. आमच्याकडे सासुरवाडीला गेलेला जावई चार दिवस परतला नाही की अजून म्हणतात, ‘गोवला वाटतं.’

संगममाहुली

@जावळी_खोरे, शंका रास्त आहे, आणि ती मी उडवून लावणार नाही. कंदी नाव पेढ्याला नेमकं का चिकटलं याचा निकाल मी देत नाही. माझं म्हणणं एवढंच की तो शब्द मिळवायला साताऱ्याला इंग्रजाची वाट बघायची गरज नव्हती.

गोटाचं वाचून फार बरं वाटलं. हेच हवं होतं.

हरिपूररस्ता

सांगलीकर हजर.

आमच्याकडे ‘सहा गल्ल्या म्हणून सांगली’ हे इतकं मुरलंय की त्याला कोणी हातच लावत नाही. मीही लहानपणापासून हेच ऐकलं. पण सहा गल्लीतून सांगली निघायची तर मधला अनुस्वार आला कुठून? ‘सागली’ व्हायला हवं होतं. शिवाय नदीपलीकडे सांगलवाडी आहे. त्या नावात ‘सांगल’ एवढाच भाग उभा आहे, गल्लीचा मागमूस नाही. दुसरी गोष्ट संगमाची सांगतात. हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम, तिथे संगमेश्वराचं देऊळ. संगमावरून सांगली. अनुस्वाराचा प्रश्न इथे सुटतो, पण ‘म’ गळून ‘ल’ कसा आला हे कोणी सांगत नाही. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेतून वेगळे होऊन इथे आले आणि त्यांनी सांगलीला राजधानी केली, तेव्हा गाव आधीपासून होतंच. तेव्हा ‘पटवर्धनांनी सहा गल्ल्या आखल्या’ हे जे काही जण पुढे जोडतात, ते तरी नक्कीच मागाहूनचं. तुमच्याच कसोटीने.

टोपणनावात आम्ही श्रीमंत. ‘नाट्यपंढरी’ हे नाव कष्टाने मिळवलेलं आहे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी याच आप्पासाहेबांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ इथे रंगवलं. म्हणूनच ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन.

आणि ‘हळदीचं गाव’. बाहेरच्यांना वाटतं सांगलीत सगळीकडे हळद पिकते. खरं तर नाव बाजारपेठेवरून आणि साठवणीवरून पडलं. हरिपूर, सांगलवाडीच्या मातीत पेवं खणायचे. तोंड अरुंद, एक माणूस कसाबसा उतरेल एवढं, आत पोट मोठं. हळद भरायची, तोंड मातीने लिंपून बंद करायचं. आत हवा नाही, म्हणून कीड नाही. वर्षानुवर्षं माल तसाच. उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे, कारण कोंदलेली हवा माणसाचा जीव घेते. आधी पेव वाऱ्याला मोकळं ठेवायचं, मग दिवा सोडून बघायचा, जळता राहिला तर माणूस. मी हे पोरपणी बघितलंय. उघड्या तोंडातून जो वास यायचा तो कपड्यांत बसायचा. २००५च्या महापुरात पेवांमध्ये पाणी शिरलं आणि तिथून हा प्रकार जवळजवळ संपला. आता सगळं शीतगृहात.

‘अमक्याचं पेव फुटलं’ असं आपण रोज बोलतो. नवीन पिढीला ‘पेव’ म्हणजे काय हे माहीत नाही, फुटणं तेवढं माहीत आहे.

वडाप

वाचतोय. थांबवू नका.

कुंडल_रोड

आमच्या स्टेशनाचं जुनं नाव घेऊन आलोय. १९१०मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोडजवळच्या माळावर कारखाना आणला आणि वस्तीचं नाव किर्लोस्करवाडी झालं. ते असो.

मला लिहायचंय ते ‘पत्री सरकार’बद्दल. आमच्या भागातलं सगळ्यात मोठं टोपणनाव हेच, आणि त्यावर घराघरांत दोन मतं आहेत.

कागदावरचं नाव ‘प्रतिसरकार’. इंग्रज सरकारला समांतर असं लोकांचं सरकार. १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या शेकडो गावांत ते चाललं. क्रांतिसिंह नाना पाटील त्याचे नेते. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी ही पुढची फळी. तुफान सेना होती, गावोगावी न्यायनिवाडा चालायचा, दारूबंदी होती. कर्ज काढून लग्नं करू नयेत म्हणून साध्या खर्चात लग्नं लावायचे, त्यांना ‘गांधी लग्न’ म्हणत. १९४३च्या जूनमध्ये शेणोलीजवळ सरकारी पगार नेणारी रेल्वे अडवली ती यांनीच.

आता ‘पत्री’ कुठून आली? एक मत असं: खेड्यातल्या तोंडाला ‘प्रति’ जड, म्हणून ‘पत्री’ झालं. दुसरं मत असं: गुंडांना, खबऱ्यांना, बायाबापड्यांना त्रास देणाऱ्यांना जी शिक्षा व्हायची तिचं नाव पत्री, म्हणून सरकार पत्रीचं.

ज्यांनी बैलाला पत्री मारताना बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बैलाच्या खुराला दोन फाका असतात, म्हणून घोड्यासारखा एक नाल चालत नाही, प्रत्येक फाकेला वेगळी पातळ लोखंडी पत्री लागते. बैलाला दोरीने पाडतात. चारी पाय एकत्र बांधतात, एकजण शिंगं दाबून मानेवर बसतो. पत्रीवाला खूर तासून सपाट करतो, पत्री बसवतो आणि बारीक खिळे तिरके ठोकतो, टोक बाहेर आलं की मुरडून टाकतो. बैल डोळे पांढरे करून पडलेला असतो. ऊस वाहायला, खडीच्या रस्त्याला पत्रीशिवाय बैल टिकत नाही, म्हणून हे सगळं करायचं.

शिक्षेत माणसालाही तसंच पाडायचे, पाय बांधायचे आणि तळव्यांवर काठीने झोडायचे. तो माणूस पुढे कितीतरी दिवस लंगडत गावभर फिरायचा आणि ज्याला समजायचं त्याला समजायचं. ‘पत्री मारली’ हा शब्द तिथून. खिळे ठोकल्याच्या ज्या गोष्टी सांगतात त्या भीतीने वाढलेल्या. आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडून मी कायम काठीच ऐकली.

मला विचाराल तर दोन्ही मतं बरोबर. ‘प्रति’ बोलता बोलता घसरली हे खरंच, पण ती घसरून नेमकी ‘पत्री’वरच का थांबली? कारण तो शब्द गोठ्यातला होता, त्यातला ठोका सगळ्यांना माहीत होता आणि शिक्षेत तो दिसत होता. ‘समांतर शासन’ असं काही नाव राहिलं असतं तर ते पुढाऱ्यांपुरतं राहिलं असतं. पत्री म्हटल्यावर ते कुणब्याचं झालं.

संगममाहुली

@कुंडल_रोड, हा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि घरात मोठ्याने वाचून दाखवला.

माझ्या कसोटीला इथे भर घालावी लागणार. मागाहून जोडलेलं म्हणजे टाकाऊ, असं नाही. लोकांनी प्रतिसरकारला पत्री जोडली, आणि ती जोडणी हाच मोठा पुरावा झाला की त्यांना त्या सरकारचा कोणता हात जाणवला. कंदीला कँडी जोडणारी गोष्ट मात्र आपल्या लोकांबद्दल काही सांगत नाही, ती फक्त साहेबाला पेढा आवडला एवढंच सांगते. त्या गोष्टीवर माझा राग आहे तो यासाठी.

हरिपूररस्ता

वर ‘तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या’ असं आलंय, ते तरुण मुलांसाठी स्पष्ट करतो. वाळवा, तासगाव हे सगळं आधी साताऱ्यातच होतं, कुंडल मात्र औंध संस्थानात. १ ऑगस्ट १९४९ला संस्थानांचा मुलूख मिळवून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला, आणि २१ नोव्हेंबर १९६०ला त्याचं नाव सांगली झालं. म्हणून जुनी माणसं ‘साताऱ्याचं पत्री सरकार’ म्हणतात ते चूक नाही. दोन्ही जिल्ह्यांतल्या म्हणी, शिव्या, ओव्या एकच का, याचंही उत्तर त्यातच आहे.

पाटण_वरचं_अंग

खाण्याचं कोणीच लिहीना, म्हणून मी लिहिते. आमच्याकडं नावाचं मूळ शोधायला पुस्तक लागत नाही, चुलीपुढं बसलं की कळतं.

घुटं. उडदाचं घुटं. पुण्यामुंबईच्या सुना त्याला ‘काळ्या डाळीची आमटी’ म्हणतात आणि माझ्या सासूबाईंना ते अजिबात चालत नाही. आमटी वेगळी, घुटं वेगळं. सालाची उडीद डाळ घ्यायची, काळी. धुवायची पण साल काढायची नाही, थोडी राहिलीच पाहिजे, चव तिच्यातच आहे. गाडग्यात नाहीतर पातेल्यात मऊ शिजवायची. आणि मग घोटायचं. पळीच्या पाठीनं, नाहीतर रवीनं, डाळ पातेल्याच्या कडेला दाबून दाबून. उडदाला चिकटपणा असतो, तो सुटला की सगळं एकजीव होतं, पळीवरून तार धरून पडतं. मग हिरवी मिरची, लसूण, खोबरं, कोथिंबीर यांचं वाटण, वरनं लसणाची फोडणी. घोटलं म्हणून घुटं. घोटलं नाही तर ती नुसती शिजलेली डाळ.

मिक्सरात फिरवलेलं घुटं मी लग्नाच्या पंगतीत खाल्लंय. पांढरट फेस येतो, तार येत नाही. कृपा करून मिक्सरला लावू नका.

भाताबरोबर नाही, भाकरीबरोबर. चुरून. पावसात, कोयनेच्या बाजूला पाऊस लागला की आठवडा आठवडा घराबाहेर पडता येत नाही, तेव्हा कडधान्य आणि डाळ हेच असायचं घरात. म्हणून घुटं डोंगराकडं जास्त.

माणदेशी_मेंढका

ताई, तोंडाला पाणी सुटलं बगा.

आमच्याकडं माण-खटावला पाऊसच न्हाई, तवा उडीद कुठला? आमचा हुलगा. हुलग्याला पाणी लागत न्हाई, खडकावर बी येतो. हुलगं भाजायचं, दळायचं, त्याचं पीठ पाण्यात कालवून शिजवायचं, गूळ घालायचा. ह्ये माडगं. थंडीच्या दिसात मेंढरामागं जायच्या आधी वाटीभर पिलं की दुपारपातूर भूक लागत न्हाई. आजारी माणसाला, बाळंतिणीला बी देत्यात. शेंगदाण्याचा म्हाद्या बी आमचाच, दाणं जाडसर कुटून, कांदा, लसूण, चटणी घालून घट्ट करायचा. भाकरीवर घेतला की कोरड्यास झालं.

आनि ‘चटणी’वरनं येक सांगतो. आमच्याकडं चटणी म्हंजी कांदा-लसूण घालून डंकावर कुटल्यालं लाल तिखट. भाजीत घालायचं. पुन्याला पोरगा शिकाय गेला, तिथल्या मेसच्या मावशीला म्हनला, ‘भाजीत चटणी कमी हाय.’ त्या बिचाऱ्या ताटात खोबऱ्याची चटणी वाढाय लागल्या. पाहुण्यांनी ह्ये ध्येनात ठेवा. साताऱ्यापासनं पार सांगली-कोल्लापूरपातूर ‘चटणी टाक’ म्हनलं की मसाल्याचा डबा उघडायचा.

पेठनाका

महामार्गावरच्या धाब्यांवर ‘अख्खा मसूर’ची पाटी बघून बाहेरचे लोक विचारतात की हा कऱ्हाडजवळच्या मसूर गावचा पदार्थ का. मसूर गाव आहेच, समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक तिथे आहे. पण पदार्थाचं नाव डाळीवरून. मसूर फोडून डाळ केलेली नाही, सालासकट आख्खा, म्हणून अख्खा मसूर. कांदा चांगला परतलेला, वर तेलाचा तवंग, सोबत रोटी. वशाट न खाणाऱ्यांसाठी ताटात रश्शाच्या तोडीचं काहीतरी हवं होतं, ते याने भागवलं असं मला वाटतं.

गाव आणि भाजी एकाच नावाची असण्यात आपला भाग पुढे आहे. कडेगाव तालुक्यात ‘वांगी’ गाव आहे, शेजारी ‘चिंचणी’. एसटीच्या पाटीवर ‘चिंचणी-वांगी’ वाचून माझ्या मुंबईच्या भाच्याला वाटलं की ही भाजीच. आणि कृष्णाकाठची वांगी प्रसिद्ध आहेत ती निराळीच, नदीच्या मळईत येणारी. त्यांचा वांगी गावाशी संबंध जोडू नका, हीच ती मागाहून जोडण्याची खोड.

जत_पूर्वभाग

सांगली म्हटलं की सगळे कृष्णेकाठीच थांबतात. जतकडे या. आमच्याकडे अर्धी बोली कन्नड, आणि सांगलीकरांना माहीतही नसतं की त्यांच्या ताटात कन्नड किती आहे.

दहीबुत्ती घ्या. सांगली-मिरजेच्या घरांत दहीभाताला सर्रास बुत्ती म्हणतात. कन्नडमध्ये बुत्ती म्हणजे प्रवासाला, शेताला बांधून न्यायचं जेवण. दहीभात टिकतो, कालवून नेता येतो, म्हणून बांधून न्यायच्या जेवणाचं नाव त्या एका पदार्थालाच पडलं. माझी आई रानात निघताना अजून ‘बुत्ती घेतली का’ विचारते, आणि त्यात भाकरी असते.

नात्यातलंही तसंच. थोरल्या भावाला अण्णा, थोरल्या बहिणीला अक्का. हे शब्द अख्ख्या महाराष्ट्रात पोचले, पण आमच्याकडे ते दोन्ही भाषांत एकच असल्यामुळे घरात मराठी सून आली काय, कन्नड आली काय, हाक बदलत नाही.

आणि बेंदूर. पोळा म्हणू नका, आमच्याकडे बेंदूर. तोही दोनदा. ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर, आषाढात महाराष्ट्राचा. सीमेलगतच्या काही गावांत एका घरात एक तर शेजारी दुसरा. आदल्या दिवशी खांदेमळणी, बैलाच्या खांद्याला हळद आणि तेल चोळायचं. वर कुंडलच्या दादांनी पत्रीचं लिहिलंय, ज्या बैलाला वर्षभर पत्री मारून राबवला त्याच्या पायाला त्या दिवशी गरम पाण्याने शेक देतात.

किल्लाभाग_मिरज

मिरजेचं एक नाव द्यायचं राहून जाईल म्हणून लिहितो. आमच्याकडे शिकलगार मंडळी आहेत. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि पाणी देणारे. संस्थानी फौजा गेल्या, तलवारींचं काम आटलं, तसे त्यांच्यातल्या कारागिरांनी सतार-तंबोरे करायला घेतले. पुढे त्यांना लोक ‘सतारमेकर’ म्हणू लागले आणि तेही नाव चिकटलं. आडनाव सांगतं तलवार, दुकानाची पाटी सांगते सतार. भोपळा पंढरपूरच्या बाजूचा, हात मिरजेचा. गल्लीतून जाताना जवारी काढण्याचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवर कानस फिरवून सूर जुळवण्याचा बारीक आवाज येतो, तार छेडतात, पुन्हा कानस. कित्येक मोठ्या गवयांचे तंबोरे या गल्लीत तयार झाले.

निवृत्त_सुभेदार

सगळ्यांना नमस्कार. धागा उशिरा पाहिला.

टोपणनाव सरकारदरबारी कायमचं लागल्याचं उदाहरण आमच्या बाजूला आहे. ‘अपशिंगे मिलिटरी’. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. तेव्हापासून प्रत्येक लढाईला घरटी माणूस गेलाय. गावात तुम्ही कोणत्याही घराचं नाव विचारा, उत्तर हुद्द्यात येतं: ‘सुभेदारांचं’, ‘हवालदारांचं’, ‘कॅप्टनांचं’. याचं कारणही समजून घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच गावांत निम्म्याहून जास्त घरांचं आडनाव एकच. पोस्टमनने काय करायचं? म्हणून मग ‘मळ्यातले’, ‘थोरल्या वाड्यातले’, ‘खोरीतले’, आणि फौजी गावात हुद्दा. हुद्देवाला जाऊन पन्नास वर्षं झाली तरी नातवाच्या नावाने आलेलं पत्रही ‘सुभेदाराच्यात’ पोचतं.

आकड्यांची नावंही पाहण्यासारखी आहेत. पाचगणी हे दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांमधलं ठिकाण. बत्तीस शिराळा म्हणजे भोवतीच्या बत्तीस गावांचं मुख्य ठाणं. तिथला आकडा नागांचा आहे असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. नागपंचमीमुळे शिराळ्याला ‘नागांचं शिराळं’ म्हणतात ते वेगळं नाव, आणि ‘बत्तीस’ वेगळं.

चिमणपुरा

सुभेदारसाहेब, जय हिंद. पोस्टमनचा मुद्दा फार मोलाचा. आमच्या पेठेतही एकाच नावाची दोन घरं होती, एक ‘तळ्यावरचे’ आणि एक ‘हौदावरचे’. हौद बुजून जमाना झाला, तिथे आता झेरॉक्सचं दुकान आहे, पण लग्नपत्रिकेवर अजून कंसात ‘हौदावरचे’ छापतात.

पाटण_वरचं_अंग

माणदेशी भाऊ, माडग्यात मीठ घालता की नुसता गूळ? आमच्याकडं चिमूटभर मीठ आणि सुंठ घालतात. आणि पीठ सरसरीत ठेवायचं का घट्ट, तेवढं सांगा. हुलगं दळून आणलंय, उद्या सकाळी करायचंय.

माणदेशी_मेंढका

मीठ घालायचंच ताई, त्याबिगर गुळाला चव येत न्हाई. सुंठ बाळंतिणीच्या माडग्यात. सरसरीत ठेवा, वाटीला तोंड लावून पिता आलं पायजे. आनि गार पाण्यात पीठ आधी कालवून घ्या, उकळत्यात टाकलं की गुठळ्या हुत्यात.